नीळपायीची रिकामी चौकट

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, ज्यांनी मला बोलावताना "आता आजी दोन शब्द बोलतील" असं म्हणून आधीच वेसण घातली आहे. व्यासपीठावर विराजमान झालेल्या प्रमुख पाहुण्या, वनस्पतिशास्त्राच्या बाई, ज्यांना आमच्या घरात भिंगवाल्या बाई म्हणतात आणि हे त्यांना आत्ता पहिल्यांदाच कळतंय. आजची सत्कारमूर्ती, माझी धाकटी जाऊ. आणि चहा भाषणांनंतर आहे हे ठाऊक असूनही इथे थांबलेल्या बंधूंनो, भगिनींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्या हातातला कागद बघून पुढच्या रांगेत एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मी बघितलं हो! म्हातारीला वाचता येत नाही, मग हातात कागद कसला? शंका रास्त आहे. मला अक्षरओळख नाही. या वाचनालयात मी आजवर एकदाच आले होते, तेही छत्री घरी विसरले होते म्हणून. भाषण मी सुनेला सांगितलं, तिने लिहून घेतलं, आणि रोज भांडी विसळताना मला वाचून दाखवत पाठ करून घेतलं. सासू बोलते, सून निमूट लिहून घेते! असे आठ दिवस कोणाच्या नशिबी येतात? मी मुद्दाम लांबवलं.

हा कागद मात्र सुनेने लिहिलेला नाही. तो प्लास्टिकच्या पाकिटात का आहे, हेही तिला ठाऊक नाही. ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही चहाकडे निघाल.

या दालनाच्या भिंतींवर धाकटीने काढलेले एकशे वीस फोटो लावले आहेत. सगळे रानातल्या अळंब्यांचे. भिंगवाल्या बाई त्यांना बुरशी म्हणतात, धाकटी अळंबी म्हणते, आणि मी म्हणते कुत्र्याची छत्री. आणि तिथे, दाराशेजारी, एकशे एकविसावी चौकट आहे. ती रिकामी आहे. येताना प्रत्येकाने तिच्यापुढे थांबून "फोटो पडला का?" असं विचारलं. पडला नाही. तो काढलाच गेला नाही. धाकटी उद्या सकाळी नऊच्या गाडीने कायमची लेकीकडे राहायला जाते आहे, आणि ती चौकट तशीच टाकून जाते आहे. मला आज त्या चौकटीबद्दलच बोलायचं आहे. बाकीच्या एकशे वीस फोटोंचं कौतुक करायला व्यासपीठावर शिकलेली माणसं भरपूर आहेत.

धाकटीची आणि माझी ओळख बेचाळीस वर्षांची. दोन जावा, एक चूल. माझे यजमान लाकडाच्या वखारीत होते, धाकटे दीर चौकात फोटोचं दुकान चालवायचे. दीर गेले तेव्हा दुकान धाकटीने हातात घेतलं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या ओळखपत्रावरचं तोंड तिनेच काढलेलं आहे. "हनुवटी खाली, डोळे उघडे, हसू नका." दिवसभर गिऱ्हाइकांशी एवढंच बोलायची. घरी आली की तेवढंही नाही. सहा महिने त्या बाईने माझ्याशी भांडणसुद्धा केलं नाही. आता सांगा, जाऊ भांडत नाही म्हणजे घरात केवढं संकट!

मी वखारीमागच्या रानात चुलीसाठी वाळकी साल गोळा करायला जायची. एका सकाळी म्हटलं, "चल गं माझ्याबरोबर. तुला बघून बघून भिंतींनासुद्धा कंटाळा आलाय." ती आली. गळ्यात सवयीने कॅमेरा. कुंपणापासून चाळीस पावलांवर एक मोठं झाड आडवं पडलेलं होतं. त्याच्या अंगावर पिवळ्या छत्र्यांचा घोस. मी पाय देऊन पुढे जाणार, एवढ्यात धाकटी नव्या कपड्यांसकट चिखलात पालथी पडली. मला वाटलं, चक्कर आली!

"ताई, हलू नका."

"मी कुठे हलतेय?"

"श्वास घेताय."

"बरं बाई, तोही सोडते. मग तू एकटीच राहा."

सहा महिन्यांनी ती हसली तेव्हा. पालथी पडून, नाकाला चिखल. मग त्या छत्रीला म्हणते कशी, "हनुवटी खाली." म्हणाली, "टोपीखाली अंधार आहे, चुण्या दिसत नाहीत." मी शिदोरीच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढलं, उन्हात धरलं, आणि कवडसा टोपीखाली पाडला. चुण्या अशा उजळल्या की मीही बघतच राहिले.

त्या दिवसापासून अकरा वर्षं आम्ही दोघी. शोधायचं मी, टिपायचं तिने, झाकण धरायचं मी. तिला डोळा आहे, मला नाक आहे. छत्र्यांना वास असतो, महाराजा! कुणाला ओल्या पिठाचा, कुणाला मुळ्याचा, एकीला तर चक्क पाहुण्यांच्या मोज्यांचा. मी वास धरून थांबायची आणि म्हणायची, "इथे आहे." आणि ती असायचीच. अकरा वर्षांत माझं नाक एकदाही खोटं बोललं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग भिंगवाल्या बाई आल्या.

इथे मी आयत्या बिळावरच्या नागोबाची म्हण सांगणार होते, पण सुनेने ती खोडली. म्हणून सांगत नाही.

बाई विद्वान आहेत, नम्र आहेत, आमच्या घरी आल्या की स्वतःचा कप स्वतः विसळतात. दोष काढायला जागा नाही, आणि माणसाचा यासारखा दुसरा दोष नाही. त्यांनी धाकटीला पुष्कळ शिकवलं. छत्री आधी उपटायची नाही, चारी बाजूंनी टिपायची. मग एकच टोपी कापून घरी आणायची, कागदावर पालथी घालायची, वर वाटी झाकायची. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली की टोपीने आपली भुकटी सांडून कागदावर स्वतःचा ठसा काढलेला असतो. कुणाचा तपकिरी, कुणाचा काळा. त्या ठशावरून जात ओळखतात. मला ते फार आवडलं. म्हटलं, ही माझ्याच शाळेतली दिसते. लिहिता येत नाही, पण ठसा उमटवते.

एक दिवस धाकटी म्हणाली, "ताई, बाई म्हणतात की फार पावलं पडली तर जमिनीखालचे धागे दबतात. तर यापुढे दोघीच जाऊ."

"जाऊ की. दोघीच तर जातो."

"म्हणजे... मी आणि बाई."

बाईंनी येताना प्रकाश पाडायची चंदेरी घडीची तबकडी आणली होती. झटका दिला की उघडते. माझं झाकण परत डब्यावर बसलं.

मंडळी, मला हेवा वाटला का? छे! फक्त आमटी खारट व्हायला लागली. फक्त पोटात दुखायचं. डॉक्टरांनी पोट सगळीकडून दाबून बघितलं आणि म्हणाले, आजी, इथे काहीच नाही. कसं असेल? जे काही होतं ते दोघींच्या मागोमाग वखारीच्या रानात गेलं होतं. त्या परत यायच्या, गुडघ्यांना चिखल, एकमेकींची वाक्यं पुरी करत. मी विचारायची, "काय मिळालं?" धाकटी एक लांबलचक नाव सांगायची. मी म्हणायची, "हां, ती मोज्याच्या वासाची." बाई ते वहीत टिपून घ्यायच्या. मला त्याचाही राग यायचा. आणि टिपलं नसतं, तर त्याचाही आला असता.

मग पहिलं प्रदर्शन भरलं. सुनेला म्हटलं, मला प्रत्येक फोटोखालची पाटी वाचून दाखव. तिने वाचली. जागा, तारीख, छायाचित्र धाकटीचं, ओळख पटवली बाईंनी. कुंपणाच्या भिंतीखालची ती तांबडी, जिच्यासाठी मी पावसात पाऊण तास वास घेत फिरले होते, तिच्याखालीही तेच. मी धाकटीला विचारलं, "सापडली कुणाला, ते नाही लिहिलं?"

ती गोंधळली. म्हणाली, "ते लिहायची पद्धत नसते, ताई."

खरंच नसते. मी नंतर इतरांनाही विचारलं. पण ज्याला वाचता येत नाही ना, त्याला न लिहिलेलं बरोबर कळतं.

अध्यक्ष महोदय, घड्याळ बघू नका. माझे दोन शब्द अजून व्हायचेत.

आता रिकाम्या चौकटीचं. बाईंना कुठल्याशा जुन्या वहीत एक चित्र सापडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी या रानात हिंडलेल्या एका शाळामास्तरांनी काढलेलं. बाटलीच्या बुचाएवढी टोपी, रंग राखेचा, आणि देठ खाली निळा, जणू शाईत पाय बुडवून उभी आहे. धाकटीने तिचं नाव ठेवलं नीळपायी. त्या मास्तरांनंतर ती कोणालाच दिसली नव्हती. धाकटी तिच्यासाठी वेडी झाली. तिच्यासाठी चौकट आधी करून घेतली, फोटोचा पत्ता नसताना. दिवाणखान्यात टांगली. पाहुणे विचारायचे, आणि ती म्हणायची, "येईल."

तीन वर्षांपूर्वी नीळपायी मला सापडली.

धाकटे, हातातला गुच्छ खाली ठेव, पडेल. हो, मला सापडली. मी एकटीच साल गोळा करायला गेले होते. जमिनीखालच्या धाग्यांची परवानगी न घेता. आणि कुठे सापडली? ज्या आडव्या झाडावर तू पहिला फोटो काढलास, त्याच ओंडक्याच्या पलीकडच्या बाजूला. तिथे तू परत कधी वाकून बघितलंच नाहीस, कारण ती बाजू तुझी बघून झाली आहे असं तुला वाटत होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

मी घरी येऊन सांगितलं का? नाही. माझ्या मनात आलं, आता ही माझी. आता पाटी लिहा म्हणावं, काय पद्धत असेल तशी! पण मला फोटो कुठे येतो? मग आठवलं, ठसा! तो तर मला येईल. एक टोपी कापून आणली. सुनेच्या कागदांतला एक स्वच्छ पांढरा कागद घेतला, टोपी पालथी घातली, वाटी झाकली, आणि वाटी माझ्या कपाटात कपड्यांमागे लपवली. सकाळी आंघोळीच्याही आधी वाटी उचलली.

कागद कोरा.

उलटा केला, सुलटा केला. काही नाही. म्हटलं, बघ, हिलाही कळलं. बाईंना ठसा देते आणि अंगठेबहाद्दराला ठेंगा. इतकी शरम वाटली की कोणाला काही बोललेच नाही. कागद तेवढा टाकवला नाही. चांगला कोरा कागद कोण टाकतं? बिस्किटांच्या चपट्या डब्यात ठेवून दिला.

चार महिन्यांनी बाई आमच्याकडे बसल्या होत्या, मी शेजारी मटार सोलत होते. बाई धाकटीला म्हणाल्या, "पांढरी भुकटी पांढऱ्या कागदावर कशी दिसणार हो? अर्धा काळा, अर्धा पांढरा असा कागद घ्यायचा नेहमी." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आत गेले, डबा उघडला, कागद खिडकीशी नेऊन तिरपा धरला. आणि दिसला, मंडळी. पांढऱ्यावर पांढरा. चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघा, गोल, एकही तुटलेली नाही. तो चार महिने तिथेच होता. मला बघता आला नव्हता एवढंच.

हाच तो कागद.

बाई, तुम्ही उठलात वाटतं. बसा, बसा. मी कुठे पळून जातेय?

आता तुम्ही विचाराल, तेव्हा तरी का नाही सांगितलं? तेव्हा हंगाम सरला होता. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. पुढचं वर्ष आलं. आणि पहिल्या पावसाळी सकाळी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कॅमेरा गळ्यात, बाई बरोबर नाहीत. म्हणाली, "ताई, बाईंनी नकाशावर खुणा केल्यात तिथे काही सापडत नाही. तुमच्या नाकाला काही लागतंय का?"

याच वाक्याची मी किती वर्षं वाट बघत होते! आणि ते आलं तेव्हा मी काय केलं? मी पीठ मळत होते. मान वर न करता म्हणाले, "ओढ्यापलीकडे बघ. तिकडून वास येतो."

ओढ्यापलीकडे काही नव्हतं. मला ठाऊक होतं. म्हटलं, हिंडू दे थोडी. मग मीच हिला नेऊन दाखवीन, आणि मग बघू, दोघी म्हणजे कोण ते.

ओढ्याच्या शेवाळलेल्या दगडावर तिचा पाय सरकला. उजवं मनगट दोन जागी मोडलं. कॅमेरा तिने दुसऱ्या हातात उंच धरला होता, त्याला ओरखडा नाही. दवाखान्यात प्लास्टर घालून घेताना ती माझ्याकडे वळून काय म्हणाली असेल?

"ताई, तुमचं नाक चुकणार नाही. मीच नीट शोधलं नाही."

मी गप्प बसले. मूग गिळून बसणं म्हणतात. दोन वर्षं तेच मूग गिळतेय, अजून पचलेले नाहीत.

मनगट सांधलं, पण हात कापायचा राहिला नाही. ओळखपत्राचे फोटो हलायला लागले, लोकांना दोन-दोन नाकं यायला लागली. दुकान गेलं. लेक म्हणाली, आई, तिथे एकटी कशाला राहतेस, माझ्याकडे ये. एकटी! मी घरात असताना! पण तिला तरी कुठल्या तोंडाने बोलू? हेवा केला भिंगवाल्या बाईंचा आणि घालवून बसले धाकटीला. आता खरं सांगू? आता हेवा लेकीचा वाटतो. उद्यापासून हिच्या नाकाला लागलेला चिखल पुसायला ती असेल. माणसाला या वयात इतका हेवा करवतो, याचं माझं मलाच कौतुक आहे.

बाई, तुमचा मी पुष्कळ राग केला. तुम्हाला तो कळला असेल, तुमच्याकडे भिंग आहे. तुम्हीच एकदा सांगितलं होतं की वर दिसतं ते नुसतं फळ, खरं झाड जमिनीखाली धाग्यांचं असतं, आणि त्याला धक्का लागला नाही तर ते त्याच जागी परत उगवतं. मी काल जाऊन बघितलं. गुडघे वखारीपर्यंत कुरकुरले, पुढे गप्प झाले. ओंडक्याच्या पलीकडे तीन उभ्या आहेत. पाय निळे.

धाकटे, रडू नकोस. आणि रागावली असशील तर इथे रागावू नकोस, लोकांना चहाला उशीर होईल. ऐक. तिथे ऊन साडेसातला पोचतं. गाडी नऊला आहे. तुझे चिखलाचे बूट तू बांधाबांधीत टाकून द्यायला काढले होतेस, ते मी पुसून दाराशी ठेवले आहेत. हात कापतो म्हणू नकोस. तू पालथी पडशील, मी शेजारी बसेन आणि तुझ्या मनगटाखाली माझा हात ठेवीन. पीठ मळलेला हात आहे, हलत नाही. श्वास सोडायला सांगितलंस तर तोही सोडीन. आणि झाकण बाई धरतील. हो बाई, तुम्हीसुद्धा या. ती चंदेरी तबकडी घरी ठेवून या. झाकण मी देते. काम झाल्यावर परत मात्र करायचं, डबा उघडा राहतो.

हा कागद मी अध्यक्षांच्या हातात देते. उद्या फोटो येईपर्यंत त्या चौकटीत हाच लावा. लोक म्हणतील, कोरा आहे. त्यांना खिडकीकडून तिरपं बघायला सांगा. पाटीवर काही लिहू नका. पद्धत नाही.

वाचनालयाच्या मंडळींनी अक्षरशत्रूला या व्यासपीठावर बोलू दिलं, त्यांचे आभार. सुनेचे आभार, शेवटचं पान मी तिला सांगितलंच नव्हतं, म्हणून तिचं तोंड अजून उघडं आहे, ते कोणीतरी मिटा. अध्यक्षांचे आभार, त्यांनी घंटी वाजवली नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही सगळे थोर मनाने पोटात घाला.

धाकटे, तू मात्र घालू नकोस. तू उद्या साडेसातला, ओंडक्यापाशी, मला तोंडावर काय ते सांग. आधी फोटो काढ, मग सांग. बोलताना श्वास लागतो, आणि ती हलेल.